पुण्याच्या पेठांतील वारसा-फेऱ्या, वाडे आणि प्रदर्शने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या रविवारच्या फेऱ्यांसाठी नाव नोंदवताना, फेरी संपल्यावर चहाच्या टपरीवर आणि पुढे कित्येक दिवस संदेशांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रश्न ज्या शब्दांत आले, जवळजवळ त्याच शब्दांत ठेवले आहेत. एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणी लिहायला नको, म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वारसा-फेरी म्हणजे नेमके काय? पुणे दर्शनाच्या बसमध्ये हेच दाखवत नाहीत का?

काही ठिकाणे दोन्हीकडे असतात, पण पाहण्याची रीत वेगळी असते. बस आपल्याला शनिवारवाड्यासमोर उतरवते आणि पाऊण तासाने पुढे नेते. फेरीत आपण शनिवारवाड्याकडे कसबा पेठेतून चालत जातो आणि वाटेत एखाद्या सायकलच्या दुकानामागे उभे असलेले दोनशे वर्षांपूर्वीचे दगडी जोते पाहण्यासाठी दहा मिनिटे थांबतो. आमच्या फेरीत प्रसिद्ध ठिकाणे कमी आणि थांबे जास्त असतात. इतिहासातील व्यक्तींबद्दल आम्ही बोलतो, परंतु मुख्य विषय इमारत हा असतो : ती कशाची बांधली आहे, कोणी वापरली, कोणत्या भागात कोणाला प्रवेश होता आणि पुढे तिचे काय झाले.

२. मी पुण्यात नवीन आहे. पहिली फेरी कोणती करावी?

कसब्यापासून मंडईपर्यंतची. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती आणि कसबा गणपती हे ग्रामदैवत, त्यामुळे तेथून निघणे सोयीचे आणि रास्तही आहे. पुढे लाल महाल, शनिवारवाडा, त्याच्या जवळचा नानावाडा, मग बुधवार पेठेतून बेलबाग, तुळशीबाग, विश्रामबागवाडा आणि शेवटी महात्मा फुले मंडई, असा क्रम आम्ही ठेवतो. अंतर फार नाही. दोन-अडीच किलोमीटरांत सारे येते. तरीही तीन तास हाताशी ठेवावेत.

या वाटेवरून जाताना शहर कसे वाढत गेले हे पायांना कळते. वारांच्या नावांच्या पेठा एकाच वेळी वसलेल्या नाहीत आणि त्यांतील काहींची आधीची नावे वेगळी होती. आजची सोमवार पेठ म्हणजे पूर्वीचे शहापूर, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, आणि बुधवार पेठ म्हणजे औरंगजेबाच्या काळातील मोहियाबाद. ही नावे सांगितली की मंडळी हमखास चकित होतात, आणि पेशव्यांच्या आधी पुण्याला इतिहास नव्हता हा समज तेथेच थोडा सैल होतो.

३. कोणत्या ऋतूत यावे, आणि गाडी कोठे लावावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले, आणि वेळ सकाळी सातची. लक्ष्मी रस्त्यावरील दुकाने उघडायच्या आत वरच्या मजल्यांचे लाकडी सज्जे दिसतात. अकरानंतर दिसतात त्या पाट्या आणि दुचाकी. पावसाळ्यात ओल्या दगडावर पाय घसरतो, पण जुन्या कौलारू छपरांची पागोळी चौकात कशी पडते हे पाहायचे असेल, तर एखादी पावसाळी फेरी जरूर करावी. गणेशोत्सवाच्या दिवसांत आम्ही या भागातील नेहमीच्या फेऱ्या बंद ठेवतो.

गाडी आणूच नये. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली असून कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानके आमच्या वाटेवरच येतात.

४. वाडा पाहायचा म्हणजे नेमके काय पाहायचे? मला तर सगळे वाडे सारखेच दिसतात.

हा आमचा आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

बाहेरून सुरुवात करावी. पुण्याच्या वाड्याला रस्त्याकडे खालच्या मजल्यावर खिडक्या कमी असतात किंवा नसतातच. घराचे तोंड आत, चौकाकडे असते. जोते घडीव काळ्या दगडाचे, त्यावर पातळ विटांची चुन्यातील भिंत. दरवाजा मोठा, पण रोजच्या वावरासाठी त्याच्याच एका फळीत लहानशी दिंडी, जिच्यातून आत जाताना वाकावे लागते. दरवाजाच्या चौकटीवर गणेशपट्टी असते. आत शिरताच भिंतीत एक चौकोनी भोक दिसते आणि लोक विचारतात, ही बंदुकीची जागा का? ती अडसराची जागा आहे. रात्री भिंतीतून लाकडी अडसर ओढून दारामागे आडवा घालत, आणि दिवसा तो पुन्हा भिंतीत सारत. कोठे तो अजून आत असतो. हळूच ओढून पाहिला, तर शंभर वर्षे हात फिरून गुळगुळीत झालेले सागवान हाताला लागते.

दाराच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या बसण्याची जागा असते, ती देवडी. पुढे पहिला चौक. त्याच्या भोवती ओसरी आणि सोपा, जेथे कामकाज, हिशेब आणि परक्यांची ऊठबस चाले. माजघर, स्वयंपाकघर, देवघर मागच्या चौकाकडे. मोठ्या वाड्याला दोन, तीन किंवा अधिक चौक असत, आणि एकेका चौकागणिक पाहुण्याची पात्रता कसास लागे. वाड्यात कोण कोठपर्यंत येऊ शकत होते, हे जात आणि स्त्री-पुरुष या दोन्ही अंगांनी ठरलेले होते. नक्षीचे कौतुक करताना ही गोष्ट वगळली, तर आपण निम्माच वाडा पाहिला असे आम्ही समजतो.

आता वर पाहावे. वाड्याचा भार बहुतांशी भिंतींवर नसून लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर सागवानी खांब उभा, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे हस्त, त्यांवर तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर फळ्या : हा झाला कडीपाट. तळखडा कशासाठी? लाकूड थेट जमिनीत रोवले तर ओल चढते आणि वाळवी लागते, म्हणून. दोन खांबांमधील जागेला खण म्हणतात, आणि जुने लोक अजूनही खोलीचे माप फुटांत न सांगता ‘पाच खणी सोपा’ असे सांगतात. लाकूड जेवढ्या लांबीचे मिळे आणि जेवढा भार पेलू शकत असे, त्यावर खण ठरे. म्हणून खण मोजले, की घर बांधणाऱ्याच्या ऐपतीचा अंदाज येतो.

एवढे कळल्यावर वाडे सारखे दिसत नाहीत. कोणाचे खांब साधे चौकोनी, कोणाचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, वर केळफुलाची नक्षी असलेले. कोणाच्या महिरपी लाकडात कोरलेल्या, तर कोणी त्या चुन्याच्या गिलाव्यात काढून काटकसर केलेली.

५. शनिवारवाड्यात आता फक्त जोती उरली आहेत. तिकीट काढून आत काय पाहायचे?

जोतीच पाहायची, मात्र ती पाहण्याआधी प्रश्न ४ चे उत्तर डोक्यात असावे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. पुढे पेशव्यांच्या प्रत्येक पिढीने त्यात भर घातली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग आठवडाभर धुमसत राहिली आणि तिच्यात लाकडी इमारती गेल्या. उरले ते दगडाचे : तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि ही जोती. म्हणजे सांगाडा जळून गेला आणि तळखडे राहिले. त्या तळखड्यांमधील अंतर पावलांनी मोजत गेले, तर भोवती दिवाणखाना उभा राहू लागतो. आमच्या फेरीत आम्ही वीस जणांना वीस तळखड्यांवर उभे करतो. त्यानंतर फार समजावून सांगावे लागत नाही.

उत्तरेकडील दिल्ली दरवाजाला वेळ द्यावा. त्याच्या फळ्यांवरील लोखंडी सुळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, आणि आत शिरताच वाट काटकोनात वळते, ज्यामुळे दार फोडून आलेल्या शत्रूचा वेग तुटावा. वर नगारखाना आहे, आणि त्याचे लाकूडकाम पाहून जळालेल्या इमारती कशा असतील याची थोडी कल्पना येते. वाड्याला एकूण पाच दरवाजे असून मस्तानी दरवाजा हा त्यांपैकी एक. हजारी कारंज्याचे नाव हजारी असले, तरी सोळा पाकळ्यांच्या त्या कमळातील तोट्या १९६ सांगतात. नाव हजारी ठेवायचे आणि मोजायला कोणी बसत नाही म्हणून निभावून न्यायचे, ही रीत पुण्यात जुनी दिसते.

६. लाल महाल शिवकालीन आहे ना?

जागा शिवकालीन आहे, परंतु आज दिसणारी इमारत पुणे महानगरपालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे. मूळ लाल महाल १६३० च्या दशकात उभा राहिला आणि शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर १६६३ मध्ये घातलेला छापा तेथेच घडला. ती वास्तू मात्र राहिली नाही. आजची इमारत स्मारक म्हणून पाहावी. तिच्या भिंतींवरून सतराव्या शतकातील बांधकामाचे निष्कर्ष काढू नयेत, एवढेच आमचे म्हणणे. दरवेळी कोणीतरी या उत्तराने नाराज होते, तरी आम्ही ते बदलत नाही.

७. ‘काका मला वाचवा’, ससा आणि कुत्रा, भुयारे... गाईड सांगतात त्या गोष्टी खऱ्या असतात का?

काही खऱ्या, काही ऐकीव. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला, गारद्यांनी केला आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याचा तपास केला, ही नोंदलेली इतिहासातील घटना आहे. चिठ्ठीतील ‘ध’ चा ‘मा’ होणे ही परंपरेने चालत आलेली कथा. पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारी हाक ही करमणूक आहे. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला म्हणून बाजीरावांनी ही जागा निवडली, ही कथा तर इतक्या शहरांबद्दल सांगितली जाते की असे ससे देशभर फिरत असावेत.

आमचा नियम असा आहे की कथा सांगावी, पण आधी ‘असे सांगतात’ म्हणावे. मार्गदर्शक कोणताही असो, त्याला ‘हे कोठे नोंदलेले आहे?’ असे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि चांगल्या मार्गदर्शकाला त्याचा राग येत नाही. भुयारांबद्दल प्रश्न ८ पहा, कारण तेथे खरी गोष्ट अफवेपेक्षा सुरस आहे.

८. आमच्या आजोबांच्या वाड्याखाली भुयार होते. ते खरेच शनिवारवाड्यापर्यंत जात होते का?

ते बहुधा पाण्याचे होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी विटांच्या आणि चुन्याच्या बंदिस्त नळांतून शहरात आणण्यात आले. पाणी केवळ उताराने वाहत येई. वाटेत जागोजाग हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास ठेवलेले होते आणि शहरात ते हौदांत पडे. सदाशिव पेठ हौद, बदामी हौद, काळा हौद, फडके हौद ही नावे पत्त्यांत आणि बसथांब्यांत अजून टिकून आहेत. नळ एवढा मोठा होता की माणूस आत उतरून साफसफाई करू शके. पाया खणताना अशी कमानदार वाट उघडी पडली की शेजारीपाजारी गुप्त भुयाराची बातमी पसरते. वाड्यांत तळघरेही असत, पण ती धान्य आणि मौल्यवान वस्तू ठेवण्यासाठी.

या विषयावर आमची स्वतंत्र फेरी आहे. तीत पाहायला फारसे काही नसते आणि समजायला पुष्कळ असते, त्यामुळे ती पहिली फेरी म्हणून घेऊ नये.

९. फक्त प्रदर्शने आणि संग्रहालये पाहिली तर चालेल का? गुडघे दुखतात.

चालेल, आणि क्रम सुचवायचा तर असा. प्रथम विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधला. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ मध्ये त्याला आग लावण्यात आली, त्यानंतर दुरुस्त होऊन तेथे दीर्घकाळ नगरपालिकेचा कारभार चालला. ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या वाढीवरील प्रदर्शन याच वाड्यात मांडलेले आहे. फलक वाचण्याआधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून दर्शनी बाजूचे सुरूदार खांब आणि सज्जा पाहावा. तो सज्जा हेच तेथील सर्वांत मोठे प्रदर्शन आहे.

नंतर नानावाडा. नाना फडणवीसांनी १७८० मध्ये बांधलेल्या या वाड्यात पुढे अनेक वर्षे शाळा भरत असे. दिवाणखान्यातील भित्तिचित्रांसाठी तेथे जावे.

राजा दिनकर केळकर संग्रहालय इमारत म्हणून नव्हे, तर इमारतींचे तुकडे पाहण्यासाठी महत्त्वाचे आहे. केळकरांनी सुमारे वीस हजार वस्तूंचा आपला संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाला दिला. त्यात कोरीव दारे, चौकटी, गवाक्षे आहेत, आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून उभारलेले दालनही आहे. काढून आणलेले दार प्रकाशझोतात सुंदर दिसते, पण ते कोणत्या दिशेला उघडत होते हे तेथे कळत नाही. म्हणून शक्य असल्यास थोडे तरी चालावे आणि मग संग्रहालयात जावे. ज्यांना कागदपत्रांत आणि जुन्या नकाशांत रस आहे, त्यांनी १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जावे.

आगाखान पॅलेस येरवड्याच्या बाजूला, पेठांपासून दूर आहे. १८९२ ची ही वास्तू तिच्या कमानींसाठी पाहण्यासारखी आहेच. महात्मा गांधींच्या स्थानबद्धतेमुळे आणि महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांच्या समाधींमुळे तेथे वेगळ्या मनाने जाणे होते. तेथे आवार सपाट असल्यामुळे चालण्याचा त्रासही कमी.

१०. रस्त्यावरून छान वाडा दिसतो. आत डोकावले तर काय हरकत आहे?

हरकत आहे, कारण ते कोणाचे तरी घर आहे. चौक बाहेरून उघडा दिसला, तरी तो त्यांचा दिवाणखाना समजावा. आम्ही ज्या खासगी वाड्यांत जातो, तेथे आदल्या आठवड्यात विचारून, किती जण येणार ते सांगून जातो.

हा नियम आम्ही चूक करून शिकलो. एका एप्रिलमध्ये सदाशिव पेठेतील एका वाड्यात आम्ही तीस जणांना घेऊन शिरलो. चौकात जुन्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. आमच्यातील एक गृहस्थ हस्तावरची नक्षी पाहत मागे मागे सरकत गेले आणि अख्खी एक ओळ त्यांच्या बुटाखाली गेली. घरातील आजी ओरडल्या नाहीत. ‘वर बघा हो, पण अधूनमधून खालीही बघत जा,’ एवढेच म्हणाल्या आणि मोडलेल्या कुरडया वेचू लागल्या. तेव्हापासून एका फेरीत वीसपेक्षा अधिक लोक घेत नाही, आणि उन्हाळी वाळवणाच्या दिवसांत त्या वाड्यात जातच नाही.

११. छायाचित्रे काढता येतात का?

रस्त्यावरून इमारतीची, होय. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकांत भ्रमणध्वनीवर काढता येतात. तिपाईसाठी आणि व्यावसायिक चित्रीकरणासाठी मात्र पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते आणि ड्रोन उडवता येत नाही. लग्नाआधीची छायाचित्रे काढायला वारसा-फेरीत येऊ नये; असे दोनदा झाले आहे. खासगी वाड्यात माणसे, वाळत घातलेले कपडे आणि देवघर टिपू नये, आणि वाड्याचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण दुसऱ्या दिवशी दार वाजते ते त्यांचे.

१२. मंदिरे आणि इतर प्रार्थनास्थळे फेरीत असतात का? इतर धर्मीयांनी आलेले चालते का?

असतात, आणि आमच्या फेरीत सर्वांचे स्वागत असते. गाभाऱ्याचे नियम त्या त्या देवस्थानचे. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे मंदिर आम्ही कधीच वगळत नाही. भीमजीगिरी गोसावी यांनी १७५४ मध्ये त्याचे काम सुरू केले. विटा-चुन्याच्या पुण्यात हे मंदिर संपूर्ण काळ्या दगडात, भरगच्च कोरीव दर्शनी भिंतीसह उभे आहे, आणि त्या भिंतीवर परदेशी शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधत आहेत असे शिल्प आहे. त्याचा अर्थ काय, यावर फेरीत वाद घालण्यास पूर्ण मुभा आहे. आत संस्कृत आणि फारसी असे दोन्ही शिलालेख आहेत. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. तळघर एरवी बंद असते आणि गुरुपौर्णिमेला उघडतात.

शहरातील सर्वांत जुनी वास्तू पाहायची असेल, तर जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराचे आठव्या शतकातील लेणे पाहावे. अर्धवट राहिलेल्या या लेण्याचा गोल नंदीमंडप अखंड खडकातून कोरलेला आहे. लष्कर भागातील लाल देवळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेले ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आतून पाहण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते आणि ओळखपत्र जवळ ठेवावे लागते.

१३. इंग्रजांच्या काळातील इमारती तुम्ही का दाखवत नाही?

दाखवतो. फेरी मंडईत संपते, ती मुद्दामच. १८८६ मध्ये उघडलेल्या या इमारतीला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फाकत गेलेले भाजीवाल्यांचे कट्टे ही रचना युरोपीय, दगड मात्र इथलाच काळा. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता; तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे मत होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिलाच फुले यांचे नाव दिले गेले. या दोन गोष्टी एका श्वासात सांगितल्या की गाळ्यावरचे भाजीवालेही थांबून ऐकतात. लष्करातील आणि विद्यापीठाच्या आवारातील इमारतींसाठी वेगळी फेरी असते.

१४. शुल्क किती? मोफत दिवस असतात का?

आमच्या फेरीचे शुल्क नोंदणीच्या वेळी सांगतो; त्यात स्मारकांचे तिकीट धरलेले नसते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनी आणि १९ ते २५ नोव्हेंबरच्या वारसा सप्ताहात प्रवेश, प्रदर्शने आणि व्याख्याने यांबाबत सवलती जाहीर होतात, त्या त्या वर्षी पाहाव्यात. त्या दिवशी गर्दी असते, हेही ध्यानात असू द्यावे.

१५. लहान मुले, वयस्कर मंडळी, चाकाची खुर्ची?

आठ वर्षांवरील मुले चांगली रमतात. खण मोजण्याचे काम त्यांच्याकडेच देतो. ज्येष्ठांसाठी प्रश्न ९ मधील क्रम पाहावा. चाकाच्या खुर्चीबाबत स्पष्ट सांगायला हवे : वाड्यांचे उंबरे उंच, जिने अरुंद आणि भिंतीच्या जाडीत बसवलेले असतात, आणि वरचे मजले जवळजवळ अशक्य आहेत. मंडई, शनिवारवाड्याच्या बाहेरील पटांगण आणि आगाखान पॅलेसचे आवार एवढे जमते. आधी कळवल्यास आम्ही तशी वाट आखतो.

१६. वारसा यादीत नाव असूनही वाडे का पाडले जातात? भिडे वाडा तर आमच्या डोळ्यांदेखत गेला.

कारण एकच नाही. १९६१ मध्ये, १२ जुलै रोजी, पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील शेकडो मातीच्या भिंती त्या दिवशी विरघळल्या. त्याआधीपासून भाडेनियंत्रण होते : १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौले शाकारणेही परवडेना आणि भाडेकरूला स्वतःच्या पैशाने परक्याचे छप्पर दुरुस्त करण्यात रस उरला नाही. तिसरे म्हणजे वारसांची संख्या. चौथ्या पिढीत एका वाड्याला चाळीस सह्या लागतात आणि एक भाऊ परदेशात असतो. त्यातून जमिनीचा भाव वाढला, की लाकडी सांगाडा फक्त आडवा येणारा माल ठरतो.

भिडे वाड्याची गोष्ट याहून कठीण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा तेथे सुरू केली. जागा स्मारकासाठी मिळवण्याचा न्यायालयीन लढा वर्षानुवर्षे चालला, आणि तो संपेपर्यंत वास्तू इतकी खचली होती की डिसेंबर २०२३ मध्ये ती उतरवून त्या जागी स्मारक उभारण्याचे ठरले. स्मारक हवेच होते. पण ज्या खोलीत शाळा भरली, तिचा कडीपाट, तिची खिडकी आता पुढच्या कोणाला दाखवता येणार नाही, याची आम्हाला हळहळ वाटते.

१७. आम्ही शनिवारवाड्याजवळ राहतो. आमचा वाडा धोकादायक झाला आहे, पण नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही. वारसा जपण्याचा भुर्दंड आम्हीच का भरायचा?

तुमची तक्रार रास्त आहे आणि फेरीत ती आम्ही न लपवता सांगतो. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. दाट पेठेत शंभर मीटर म्हणजे कित्येक घरे. दुरुस्तीला मनाई नाही, परंतु तिच्यासाठीही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे ‘काहीच करता येत नाही’ हे पूर्ण खरे नसले, तरी जे करता येते ते सामान्य कुटुंबाला दमवणारे आहे. आम्ही या परवानग्यांचे काम करत नाही. अर्ज करण्याआधी वारसा-संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून स्थितीचा लेखी अहवाल घ्यावा.

१८. आमचा स्वतःचा वाडा चांगल्या स्थितीत आहे. तो फेरीसाठी उघडता येईल का, आणि डागडुजी कशी करावी?

उघडता येईल. वर्षातून दोन रविवार पुरेत. कोणता भाग दाखवायचा हे तुम्ही ठरवायचे.

डागडुजीबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊ नका. चुन्याची भिंत श्वास घेते, म्हणजे आत गेलेली ओल हळूहळू बाहेर सोडते. वरून सिमेंटने कोंडले, की ओल आतल्या आत राहते, विटा भुसभुशीत होतात आणि भिंतीत अडकलेले लाकूड कुजते. तीन वर्षे भिंत छान दिसते आणि चौथ्या पावसाळ्यात पोपडे निघू लागतात. त्याचप्रमाणे तैलरंगाने झाकलेले खांब कौशल्य नसलेल्या हाताने घासून काढू नयेत. नक्षीची धार रंगाबरोबर जाते. छप्पर मात्र दरवर्षी पावसाआधी पाहावे. वाडा बहुतेक वेळा वरून, एका फुटक्या कौलापासून पडायला लागतो.

१९. मराठी न समजणाऱ्या पाहुण्यांना आणता येईल का?

महिन्यातील एक फेरी इंग्रजीत असते. मात्र ओसरी, सोपा, पडवी यांना इंग्रजीत एकच शब्द मिळतो आणि मग तिन्हींतील फरक हाताने दाखवावा लागतो, याची तयारी ठेवावी. परदेशात वाढलेली मराठी मुले आजी-आजोबांबरोबर येतात, तेव्हा मराठी फेरीतच यावे. भाषांतराचे काम आजी अधिक चांगले करतात.

२०. मला तुमच्याबरोबर मार्गदर्शक म्हणून काम करायचे आहे. काय शिकावे लागेल?

पाच फेऱ्या मागे चालून कराव्यात, एका वाड्याचा आराखडा स्वतः टेप धरून काढावा, आणि आपण सांगणार ते प्रत्येक वर्ष कोठून घेतले हे वहीत लिहून ठेवावे. थोडी मोडी आली तर उत्तम. आवाज मोठा असण्याची गरज नाही. पहिल्या फेरीला येताना बूट काढायला सोपे असावेत, कारण एका सकाळी ते सात-आठ वेळा काढावे लागतात.